मेडिकल कोडिंगमध्ये येताय? आधी एक क्लेम शेवटपर्यंत नेऊन बघा

बीएस्सी, बीफार्म, नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएचएमएस, बीएएमएस. यातलं काहीही झालेली मुलं-मुली पुण्यात किंवा ऐरोलीत मेडिकल कोडिंगच्या इंटरव्ह्यूला बसतात, तेव्हा बहुतेकांची तयारी एकाच पद्धतीची असते: कोड पाठ. मधुमेहाचा ई११.९, बीपीचा आय१०, तापाचा आर५०.९. पाठ असले तर बिघडत काही नाही, पण त्याला कुणी पगार देत नाही. कोड पुस्तकात आहेत, सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पगार मिळतो तो डॉक्टरची नोट वाचून तिच्यातून काय सिद्ध होतं ते ठरवण्याचा, आणि ठरवलेलं विमा कंपनीपुढे टिकवण्याचा. त्यामुळे इथे कोडच्या याद्या मिळणार नाहीत. एक पेशंट, एक व्हिजिट आणि तिचा एक क्लेम घेऊन अपॉइंटमेंटपासून पैसे जमा होईपर्यंतची सगळी साखळी बघू.

आधी हे काम कुठलं ते समजून घ्या

आपल्याकडच्या कंपन्यांत चालणारं कोडिंग जवळजवळ सगळं अमेरिकेचं आहे. तिथे डॉक्टरांचे पैसे मुख्यतः विमा देतो: ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना सरकारी मेडिकेअर, कमी उत्पन्न असलेल्यांना मेडिकेड, नोकरदारांना बहुधा मालकाने काढलेला खासगी विमा. पेशंटला तपासल्यावर डॉक्टर बिल पाठवतो ते कोडच्या भाषेत. पेशंट का आला, हे आयसीडी-१०-सीएम सांगतं. डॉक्टरने काय केलं, हे सीपीटी सांगतं. इंजेक्शनमधलं औषध, व्हीलचेअर, अँब्युलन्स असल्या गोष्टींसाठी हिकपिक्स (एचसीपीसीएस) लेव्हल टू. 'का' आणि 'काय' यांचं जुळलं नाही की पैसे अडतात.

आपल्या हॉस्पिटलांतला कॅशलेस विभाग, टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था), महात्मा फुले जनआरोग्य योजनेची पॅकेजेस हे वेगळं काम आहे. तिथला अनुभव असेल तर विम्याची चाल समजायला मदत होते, पण अमेरिकेचे नियम मुळापासूनच शिकावे लागतात.

पहिली पायरी: पुस्तकं हाताळा, नियम आधी वाचा

आयसीडी-१०-सीएम अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालं. त्याचा नवा संच दरवर्षी १ ऑक्टोबरला येतो, अधूनमधून १ एप्रिललाही भर पडते. सीपीटी हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं. पहिली आवृत्ती १९६६ची, आणि नवे कोड १ जानेवारीला लागू होतात. कुठल्या वर्षाचं पुस्तक वापरायचं हे तुम्ही चार्ट (पेशंटची नोंद) उघडलात त्या दिवसावर नसतं, पेशंटला तपासलं त्या तारखेवर असतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सप्टेंबरच्या व्हिजिट कोड करताना हे हमखास विसरलं जातं.

आयसीडीचा कोड तीन ते सात अक्षरांचा असतो. आधी अकारविल्हे इंडेक्समध्ये शोधायचं आणि मग टॅब्युलर लिस्टमध्ये जाऊन पडताळायचं. इंडेक्सवरून थेट कोड देऊ नका. कोडखालच्या बारीक अक्षरांतल्या सूचना टॅब्युलरमध्येच असतात: हा आधी द्या, सोबत तोही द्या, या दोघांना एकत्र देऊ नका. 'एक्सक्लूड्स १' म्हणजे ते दोन कोड सहसा एकत्र चालत नाहीत. 'एक्सक्लूड्स २' म्हणजे तो आजार या कोडमध्ये धरलेला नाही, पेशंटला दोन्ही असतील तर दोन्ही द्या. नवख्यांची निम्मी गल्लत या दोघांत होते.

आणि पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेल्या अधिकृत गाइडलाइन्स. त्या कंटाळवाण्या आहेत, मान्य. तरी त्या वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्लासमध्ये त्या सहसा घाईत उरकतात आणि ऑडिटमध्ये त्यांच्यावरच बोट ठेवलं जातं.

(आयसीडीत बदकाने धडक दिल्याचाही कोड आहे, डब्ल्यू६१.६२. इंटरनेटवर त्याची भरपूर थट्टा होते. प्रत्यक्षात तो वापरायची वेळ येण्याची शक्यता अगदीच कमी.)

दुसरी पायरी: नोट वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. समजा, अमेरिकेतल्या एका फॅमिली फिजिशियनच्या क्लिनिकमधली ही नोट आहे:

"६७ वर्षांचे गृहस्थ, फॉलोअपसाठी. टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब, क्रॉनिक किडनी डिसीज स्टेज ३ए. तिन्ही स्थिर, उद्दिष्टाच्या आत. मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची गोळी, दोन्ही डोस आज तपासून तेच पुढे चालू. सहा महिन्यांचं प्रिस्क्रिप्शन दिलं. उजव्या कानाने कमी ऐकू येतं अशी तक्रार. कानात मळ घट्ट बसलेला, पडदा दिसत नाही. क्युरेटने मळ काढला, त्रास झाला नाही."

नवखा कोडर लिहितो: ई११.९, आय१०, एन१८.३१. प्रत्येक आजाराला एक कोड, हिशेब पूर्ण. पण बरोबर उत्तर आहे ई११.२२, आय१२.९, एन१८.३१, त्यांच्याबरोबर तोंडाने घ्यायच्या मधुमेहाच्या औषधासाठी झेड७९.८४, आणि कानातल्या मळासाठी एच६१.२१.

हे कसं आलं? गाइडलाइन्समध्ये 'विथ'चा नियम आहे. इंडेक्समध्ये एखाद्या आजाराखाली 'विथ' या शब्दाच्या पोटात दुसरा आजार दिला असेल, तर दोघांचा संबंध गृहीत धरायचा. डॉक्टरने तसं लिहिलं नसलं तरीही. मधुमेहाखाली क्रॉनिक किडनी डिसीज आहे, उच्च रक्तदाबाखालीही आहे. त्यामुळे ई११.९ आणि आय१० दोन्ही बाद. किडनीचा त्रास मधुमेहामुळे नाही असं डॉक्टरने स्पष्ट लिहिलं असेल तरच संबंध तोडायचा. आणि ई११.२२ काय, आय१२.९ काय, दोन्हींखाली 'किडनीची स्टेज वेगळी द्या' अशी सूचना आहे, म्हणून एन१८.३१ त्यांच्यानंतर येतो. टॅब्युलर वाचा म्हणतात ते यासाठी.

याच धाटणीचे आणखी काही नियम सुरुवातीलाच पक्के करा. क्लिनिकच्या आणि ओपीडीच्या नोटमध्ये 'संशय', 'शक्यता', 'अमुक नाही ना ते बघणे' असं लिहिलं असेल तर तो आजार कोड करायचा नाही, लक्षण कोड करायचं. छातीत दुखतंय, हार्ट अटॅकची शंका आहे, तर कोड छातीतल्या दुखण्याचा. भरती झालेल्या पेशंटच्या डिस्चार्जच्या वेळी मात्र हॉस्पिटलच्या कोडिंगमध्ये नियम उलटा आहे, तिथे 'शक्यता' आजार म्हणून धरतात. 'कॅन्सरची हिस्ट्री' हे शब्द दिसले की थांबा: उपचार संपलेत की अजून चालू आहेत? पहिल्यात झेड८५चा गट, दुसऱ्यात कॅन्सरचा चालू कोड, आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. दुखापतीच्या कोडमधलं सातवं अक्षर 'ए' म्हणजे पहिली भेट असं बरेच जण समजतात. 'ए' म्हणजे सक्रिय उपचार चालू असणं, मग पेशंट तिसऱ्यांदा आलेला का असेना.

आता 'काय केलं' ते. व्हिजिटचा कोड, म्हणजे ई अँड एम. २०२१ पासून क्लिनिकच्या व्हिजिटची पातळी डॉक्टरने किती प्रश्न विचारले, किती अवयव तपासले यावर ठरत नाही. ठरते ती वैद्यकीय निर्णयाच्या गुंतागुंतीवर किंवा डॉक्टरने त्या दिवशी दिलेल्या एकूण वेळेवर. निर्णयाचे तीन भाग: आजार किती आणि कसे, माहिती किती तपासली, धोका किती. तीनपैकी दोन जुळले की पातळी मिळाली. आपल्या नोटमध्ये दोनहून जास्त स्थिर जुनाट आजार आहेत, म्हणजे पहिला भाग मध्यम. औषधांचा डोस बघून प्रिस्क्रिप्शन दिलंय, म्हणजे धोकाही मध्यम. पेशंट जुना आहे, तेव्हा ९९२१४. वेळेवर गेलो असतो तर याच कोडला किमान ३० मिनिटं लागली असती, आणि ती नोटमध्ये लिहिलेली असावी लागली असती. जुना आणि नवा पेशंट यांतला फरक तीन वर्षांचा: त्याच ग्रुपच्या, त्याच स्पेशालिटीच्या डॉक्टरने तीन वर्षांत तपासलं नसेल तर तो नवा, आणि कोड ९९२०२ ते ९९२०५मधला.

दोन बारकावे. 'स्थिर' याचा अर्थ उपचाराचं उद्दिष्ट गाठलेला. साखर वर्षभर २५०लाच असेल तर ती बदललेली नाही, पण तो मधुमेह स्थिरही नाही. दुसरं, औषधांची यादी नोटमध्ये चिकटवली म्हणजे औषधांचं व्यवस्थापन झालं असं नाही. डॉक्टरने त्यावर विचार केल्याची खूण हवी. आपल्या नोटमध्ये 'डोस आज तपासून' हे शब्द आहेत. ते नसते तर ऑडिटरने ९९२१४ खाली ओढला असता.

मग कान. मळ क्युरेटने, म्हणजे उपकरणाने काढला, तर ६९२१०. पाण्याच्या पिचकारीने धुवून काढला असता तर ६९२०९. नोटमध्ये नुसतं 'कान साफ केला' असतं तर? दोन्हींपैकी एकही देता येत नाही, डॉक्टरला विचारावं लागतं. विचारण्याचीही पद्धत आहे: "क्युरेट वापरला ना?" असं उत्तर सुचवून विचारायचं नसतं. "मळ कोणत्या पद्धतीने काढला ते स्पष्ट करावं" एवढंच. लिहिलं नाही ते झालं नाही, हे या धंद्यातलं पहिलं वाक्य. मनाने भर घालायची नाही.

आता ९९२१४ आणि ६९२१० एकाच दिवशी. नुसते पाठवले तर विमा म्हणणार की प्रक्रियेच्या पैशांत थोडीफार तपासणी धरलेलीच आहे. म्हणून ९९२१४ला मॉडिफायर २५, म्हणजे कोडमागे जोडायची दोन अंकी खूण: व्हिजिट प्रक्रियेपासून वेगळी आणि दखल घ्यावी एवढी मोठी होती. आपल्या केसमध्ये ते खरं आहे, कारण मधुमेह, रक्तदाब आणि किडनी यांचा कानाशी काही संबंध नाही. पेशंट फक्त कानासाठी आला असता आणि डॉक्टरने कान बघून मळ काढला असता, तर बिल एकट्या ६९२१०चं. २५ हा पैसे सोडवायचा मंत्र असल्यासारखा कुणी सगळीकडे लावायला सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. अमेरिकेत फॉल्स क्लेम्स ॲक्ट आहे. सरकारला जाणूनबुजून खोटं बिल पाठवलं तर नुकसानीच्या तिप्पट भरपाई आणि वर दंड भरावा लागतो.

युनिटचं एक उदाहरण देऊन इथून पुढे जाऊ. गुडघ्यात ट्रायमसिनोलोन ४० मिलिग्रॅम दिलं. टोचण्याचा कोड २०६१०, औषधाचा जे३३०१. जे३३०१ची व्याख्या 'दर १० मिलिग्रॅम' अशी आहे, म्हणजे युनिट चार. एक लिहिलं तर क्लिनिकचं तीन चतुर्थांश औषध फुकट गेलं. चाळीस लिहिलं तर तुम्ही दहापट बिल लावलंत.

तिसरी पायरी: क्लेमच्या आधी काउंटरवर काय घडतं

कोडरला वाटतं बिलिंग आपल्यापासून सुरू होतं. खरं तर अपॉइंटमेंट घेतली जाते तिथूनच क्लेम घडायला किंवा बिघडायला लागतो. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, विम्याचा नंबर. मेडिकेअरचा नंबर ११ अक्षरांचा असतो. पेशंट यायच्या आधी एलिजिबिलिटी तपासायची: विमा चालू आहे का, को-पे (पेशंटने व्हिजिटला भरायची ठरावीक रक्कम) किती, डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी पेशंटने वर्षाला भरायची रक्कम) किती उरलंय, प्रक्रियेला पूर्वपरवानगी लागते का.

मेडिकेअरच्या पेशंटबाबत एक सापळा कायम असतो. आजोबा खिशातून लाल-पांढरं-निळं मेडिकेअर कार्ड काढून देतात, आणि काउंटरवरची मुलगी तेच नोंदवते. पण त्यांनी मेडिकेअर ॲडव्हांटेज घेतलेलं असतं, म्हणजे त्यांचा विमा आता एक खासगी कंपनी चालवते. क्लेम मूळ मेडिकेअरला जातो आणि सीओ-१०९ हा नकाराचं कारण सांगणारा कोड घेऊन परत येतो: आमचा नाही, योग्य ठिकाणी पाठवा. दुसरा सापळा असा की पेशंट किंवा त्यांची बायको अजून नोकरीत आहे आणि तिथला विमा आधी लागू होतो. मग सीओ-२२. दोन्ही गोष्टी काउंटरवर एका प्रश्नात कळल्या असत्या.

चौथी पायरी: क्लेम पाठवणं

डॉक्टरचा क्लेम सीएमएस-१५०० या फॉर्मच्या रचनेत जातो, हॉस्पिटलचा यूबी-०४च्या. कागद आता क्वचितच. डॉक्टरच्या क्लेमच्या इलेक्ट्रॉनिक रूपाला ८३७पी म्हणतात. तरी कागदी फॉर्म एकदा समोर ठेवून प्रत्येक चौकट समजून घ्याच, कारण ऑफिसात सगळे अजून चौकटींच्या नंबरांनीच बोलतात. चौकट २१मध्ये बारापर्यंत निदानं, ए ते एल. २४ईमध्ये पॉइंटर: कोणती सेवा कोणत्या निदानासाठी. आपल्या क्लेममध्ये ए ते डी ही मधुमेह-रक्तदाब-किडनी-औषधाची चार निदानं ९९२१४ला जोडायची, आणि कानाचं ई हे ६९२१०ला. उलट जोडलंत तर मधुमेहासाठी कान साफ केला असा अर्थ होतो आणि सीओ-११ लागून येतो. सेवेचं ठिकाण क्लिनिक म्हणून ११. डॉक्टरचा दहा अंकी ओळख क्रमांक, म्हणजे एनपीआय, २४जेमध्ये, बिल करणाऱ्या ग्रुपचा ३३मध्ये.

क्लेम आधी स्क्रबरमधून (चुका शोधणारं सॉफ्टवेअर), मग क्लिअरिंगहाउसमधून (क्लेम विम्याकडे पोचवणारी मधली संस्था) जातो. इथे परत आला तर ते रिजेक्शन: विम्याने तो आत घेतलाच नाही, दुरुस्त करून नव्याने पाठवा. विम्याने आत घेऊन पैसे नाकारले तर ते डिनायल, त्याची वाट वेगळी. रिजेक्शनच्या रिपोर्टकडे कुणी बघितलं नाही तर क्लेम कुठेच नसतो आणि मुदत तर चालूच असते. मेडिकेअरची मुदत सेवेच्या तारखेपासून एक वर्ष आहे, पण खासगी कंपन्यांशी केलेल्या करारांत ९० किंवा १८० दिवस असतात. ती उलटली की सीओ-२९, आणि वेळेत पाठवल्याचा पुरावा नसेल तर त्या पैशांवर पाणी सोडावं लागतं.

पाचवी पायरी: आलेला पैसा वाचणं

विम्याकडून ८३५ येतो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक रेमिटन्स. समजा क्लिनिकने २२० डॉलर लावले आणि मेडिकेअरची मान्य रक्कम १५० आहे. डिडक्टिबल आधीच भरून झालंय. तर हिशेब असा:

सीओ-४५: ७० डॉलर, मान्य रकमेच्या वरचे, सोडून द्यायचे.
पीआर-२: ३० डॉलर, १५०चे २० टक्के, पेशंटचा वाटा.
सीओ-२५३: २.४० डॉलर, मेडिकेअरच्या १२० डॉलरवर सरकारने लावलेली दोन टक्के कपात.
मेडिकेअरचे प्रत्यक्ष आलेले: ११७.६० डॉलर.

बेरीज करा, २२० होतात. होत नसतील तर पोस्टिंग (आलेले पैसे खात्यात नोंदवणं) चुकलंय. सगळं सीओ आणि पीआर या दोन अक्षरांत आहे. सीओ म्हणजे कराराप्रमाणे डॉक्टरने सोसायचं, पीआर म्हणजे पेशंटकडून घ्यायचं. ते २.४० डॉलर नवखे पोस्टर पेशंटच्या खात्यात ढकलतात. तसं करता येत नाही. आणि उलट बाजूने, पेशंटचे ३० डॉलर 'जाऊ दे, ओळखीचे आहेत' म्हणून सरसकट माफ करत राहणंही मेडिकेअरमध्ये कायद्याच्या कचाट्यात नेतं. खरोखर ऐपत नसेल तर तसं तपासून, नोंद करून माफ करता येतं.

सहावी पायरी: अडलेला पैसा सोडवणं

एआर कॉलरचं, म्हणजे अडलेल्या पैशांसाठी विमा कंपन्यांना फोन करणाऱ्याचं काम इथलं. अमेरिकेतल्या दिवसा फोन करायचे म्हणून रात्रपाळी. आधी अर्धा वेळ रेकॉर्डेड आवाज ऐकत बसायचं, मग माणूस भेटतो, आणि तोही पहिल्या झटक्यात ताकास तूर लागू देत नाही. "क्लेम डिनाय झालाय" एवढं ऐकून फोन ठेवू नका. का, कोणत्या तारखेला, अपिलाची मुदत किती, अपील कुठे पाठवायचं, कॉलचा रेफरन्स नंबर काय, सगळं घ्या आणि नोट अशी लिहा की दुसऱ्या कुणालाही पुन्हा फोन करावा लागू नये.

कोडवरून डोकं कुठे चालवायचं ते कळतं. सीओ-१६ म्हणजे माहिती अपुरी. सोबतचा रिमार्क कोड वाचल्याशिवाय त्याला हात लावू नका. सीओ-१९७, पूर्वपरवानगी नव्हती. सीओ-९७, ही सेवा दुसऱ्या सेवेत धरलेली आहे. आपल्या केसमध्ये २५ विसरला असता तर बहुधा हाच आला असता. सीओ-५०, वैद्यकीय गरज पटली नाही. इथे कोडर, डॉक्टर आणि कॉलर तिघांनी एकत्र बसावं लागतं, आणि नोट चांगली असेल तरच अपील उभं राहतं. मेडिकेअरच्या पहिल्या अपिलाला १२० दिवस मिळतात. साधी चूक असेल तर अपील करून वेळ घालवू नका: खासगी विम्याला सुधारित क्लेम पाठवता येतो, त्यासाठी चौकट २२मध्ये ७. मेडिकेअर डॉक्टरांच्या क्लेममध्ये तो ७ घेत नाही. तिथे रीओपनिंग मागायची, आणि क्लेम मुळात प्रक्रियेलाच घेतला नसेल तर नव्याने पाठवायचा.

माझं मत विचाराल तर प्रत्येक कोडरने काही महिने डिनायलच्या टेबलावर काढावेत. आपण दिलेल्या कोडचं पुढे काय झालं हे न बघता वर्षानुवर्षं चार्ट काढणारे लोक या क्षेत्रात भरपूर आहेत, आणि ते सीनिअर कोडरच्या पुढे सरकत नाहीत.

प्रॅक्टिस मॅनेजमेंट: वरून बघायची सवय

एक क्लेम नीट कळला की असे हजारो क्लेम एकत्र बघणं म्हणजे प्रॅक्टिस मॅनेजमेंटचा पैशाचा भाग. पहिला रिपोर्ट उघडायचा तो एजिंगचा: किती पैसे ३० दिवसांच्या आत येणं आहेत, किती ३१ ते ६०, ६१ ते ९०, आणि किती १२०च्या पलीकडे गेलेत. एकूण येणं भागिले रोजचं सरासरी बिलिंग म्हणजे एआरचे (येणं बाकी असलेल्या पैशांचे) दिवस. येणं ३ लाख डॉलर आणि रोजचं बिलिंग साडेसात हजार, तर ४० दिवस. आकडा वाढला तर लगेच कॉलरवर खेकसू नका. आधी वाढ कोणत्या विम्यात आणि कोणत्या डॉक्टरकडे आहे ते बघा.

बरेचदा कारण क्रेडेन्शिअलिंगमध्ये सापडतं. नवा डॉक्टर रुजू झाला, पेशंट बघायला लागला, पण विमा कंपन्यांकडे त्याची नोंदणी अजून व्हायची आहे. मेडिकेअरची नोंदणी पेकॉस या सरकारी पोर्टलवरून होते, खासगी कंपन्या बहुतांशी सीएक्यूएच या सामाईक पोर्टलवरची माहिती बघतात, आणि याला महिने लागतात. मेडिकेअर अर्जाच्या तारखेच्या ३० दिवस मागचंच बिल घेऊ देतं. त्याआधी तपासलेल्या पेशंटचे पैसे कोडिंग कितीही अचूक असलं तरी येत नाहीत.

दरही कळले पाहिजेत. मेडिकेअर प्रत्येक सीपीटी कोडला आरव्हीयू (कामाचं तुलनात्मक वजन) देतं: डॉक्टरचं काम, क्लिनिकचा खर्च, मालप्रॅक्टिस विमा असे तीन भाग. त्यांना त्या भागातल्या महागाईप्रमाणे गुणलं जातं आणि मग कन्व्हर्जन फॅक्टरने; २०२५मध्ये तो सुमारे ३२.३५ डॉलर होता. खासगी कंपन्यांचे करार अनेकदा 'मेडिकेअरच्या इतके टक्के' अशा भाषेत असतात, म्हणून मेडिकेअरचं दरपत्रक सगळ्यांचा आधार ठरतं. करारात ठरलेल्या दरापेक्षा विमा कमी पैसे देतोय का, हे तपासणारा माणूस क्लिनिकमध्ये बहुतेकदा नसतोच. तो तुम्ही होऊ शकलात तर तुमचं वजन वाढतं.

सर्टिफिकेट, क्लास आणि नोकरी

आपल्याकडे सगळ्यात जास्त मागणी एएपीसी या कोडरांच्या अमेरिकन संस्थेच्या सीपीसी परीक्षेला आहे. १०० प्रश्न, चार तास, ७० टक्के लागतात, आणि पुस्तकं सोबत नेता येतात. म्हणजे दर प्रश्नाला अडीच मिनिटंही मिळत नाहीत; पुस्तकात कुठे काय आहे हे बोटांना ठाऊक नसेल तर वेळ पुरत नाही. अनुभव नसताना पास झालात तर नावापुढे सीपीसी-ए लागतं. दोन वर्षांचा अनुभव, किंवा एक वर्षाचा अनुभव आणि ८० तासांचं शिक्षण दाखवलं की 'ए' निघतो. दर दोन वर्षांनी ३६ सीईयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) मिळवून सर्टिफिकेट चालू ठेवावं लागतं. हॉस्पिटलच्या भरती पेशंटचं काम करायचं असेल तर अहिमा या दुसऱ्या अमेरिकन संस्थेचं सीसीएस बघा. पुढे बिलिंगसाठी सीपीबी, ऑडिटसाठी सीपीएमए, प्रॅक्टिस मॅनेजमेंटसाठी सीपीपीएम. पण आधी नोकरी, मग दुसरं सर्टिफिकेट. फ्रेशर असताना तीन सर्टिफिकेटं गोळा केल्याने इंटरव्ह्यूवाला भारावून जात नाही.

क्लास लावताना 'शंभर टक्के प्लेसमेंट'ची पाटी सोडा आणि तीन गोष्टी विचारा: शिकवणाऱ्याने स्वतः प्रॉडक्शनमध्ये काम केलंय का, पुस्तकं चालू वर्षाची आहेत का, नावं झाकलेले चार्ट सरावाला किती देणार. बाँडवर सही करायची असेल तर तो घरी आणून वाचा. पगारातून फी कापून घेऊ म्हणत असतील तर किती महिने आणि नोकरी सोडली तर काय, हे लिहून घ्या.

कंपनीत गेल्यावर दोन आकडे मागे लागतील: प्रॉडक्शन (किती चार्ट केले) आणि क्वालिटी (किती अचूक केले). क्वालिटी बहुधा ९५ टक्के मागतात. सुरुवातीला टार्गेट पूर्ण होत नाही म्हणून घाई केलीत तर क्वालिटी पडते, आणि पडलेली क्वालिटी वर आणायला जास्त वेळ जातो. वेग आपोआप येतो. फ्लोअरवर मोबाइल, पेन, कागद नेऊ देत नाहीत, कारण १९९६च्या हिपा कायद्याने पेशंटची माहिती जपणं बंधनकारक आहे. स्क्रीनचा फोटो गंमत म्हणून मित्राला पाठवला तरी नोकरी जाते, यात तडजोड नाही.

कोणती स्पेशालिटी घ्यावी? हातात असेल तर ई अँड एम किंवा सर्जरी. रेडिओलॉजीसारखं ठरावीक साच्याचं काम सॉफ्टवेअर आधी उचलतंय. रिस्क ॲडजस्टमेंट, म्हणजे एचसीसी (पेशंटच्या आजारांवरून विमा कंपनीला मिळणारी रक्कम ठरते ते काम), यात फ्रेशरना जागा मिळतात. पण तिथे मुख्यतः निदानं कोड होतात, सीपीटी विसरायला होतं. तिकडे गेलात तर आठवड्याला काही ई अँड एम नोटा घरी सोडवत राहा.

आणि इंटरव्ह्यूला जाताना वरची नोट कागदावर उतरवून पाच निदानं, दोन सीपीटी, एक मॉडिफायर आणि पॉइंटर न बघता लिहा. प्रत्येकापुढे गाइडलाइनचं कारण एका ओळीत. समोरचा विचारेल, "ई११.९ का नाही?" तिथून सुरू होणारी दहा मिनिटं तुम्हाला हवी तशी चालतील.